जुन्या मॅन्युअल लेन्सची हिवाळी छायाचित्रे फिकी येतात, तेव्हा आधी काय तपासावे?

घणसोलीच्या एका हौशी छायाचित्रकाराचा प्रश्न थोडक्यात असा आहे. मामांच्या कपाटातून त्यांना दोन जुन्या लेन्स मिळाल्या: एक सोव्हिएत बनावटीची हेलिओस ४४-२, म्हणजे ५८ मिमी एफ/२, आणि दुसरी निकॉनची निक्कॉर २८ मिमी एफ/२.८. सोनीच्या एपीएस-सी (म्हणजे फिल्मच्या चौकटीपेक्षा लहान सेन्सरच्या) मिररलेस बॉडीला अडॅप्टर, म्हणजे लेन्स आणि बॉडी जोडणारे कडे, लावून डिसेंबरभर ते सकाळी साडेसातच्या सुमारास गच्चीवरून पारसिकच्या डोंगराचे फोटो काढत आहेत. फोकसची रिंग इन्फिनिटीच्या, म्हणजे अतिदूरच्या (∞), खुणेपर्यंत पूर्ण फिरवूनही डोंगर पुसट येतो, काळा रंग राखाडी दिसतो आणि सगळ्या चित्रावर पांढरट पडदा आल्यासारखे वाटते. जानेवारीच्या शेवटी त्यांना हिमाचलातल्या नारकंड्याला बर्फात जायचे आहे. या लेन्स सोबत न्याव्यात की विकून टाकाव्यात, असे त्यांनी विचारले आहे.

विकू नका, असे माझे मत आहे. मात्र लेन्स हातात न घेता मी हे लिहितो आहे, त्यामुळे काचेच्या आत बुरशी नसली तरच हे मत लागू पडेल. ती कशी पाहायची ते पुढे सांगतोच. मी ठाण्यात राहतो आणि फिल्मच्या दिवसांपासून, म्हणजे तीसहून अधिक वर्षे, मॅन्युअल लेन्स वापरत आलो आहे. तुम्ही वर्णन केले आहे तसे फोटो माझ्याकडेही पुष्कळ आहेत आणि त्यांची कारणे एकेक करून शोधायला मला बरीच वर्षे लागली.

लेन्स चांगली की वाईट, हा येथे पहिला प्रश्न नाही. तुमच्या फोटोत हवेचा, उजेडाच्या दिशेचा आणि अडॅप्टरच्या लांबीचा असे तीन निरनिराळे दोष एकावर एक चढलेले आहेत, आणि संगणकाच्या पडद्यावर तिघांचाही परिणाम जवळपास सारखाच दिसत असल्यामुळे सगळा आळ लेन्सवर येतो. ते सुटे केल्याशिवाय लेन्सची परीक्षा होत नाही.

सुरुवात हवेपासून करू. हिवाळ्यात आपल्याकडे रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्या लगतची हवाही थंड होते आणि तिच्यावर तुलनेने उबदार हवेचा थर झाकणासारखा बसतो. वाहनांचा धूर, बांधकामांची धूळ आणि पेटवलेल्या कचऱ्याचा धूर त्या झाकणाखाली अडकून राहतो. सकाळी सात-आठ वाजता आपण ज्याला कौतुकाने धुके म्हणतो त्यात खरे धुके थोडे आणि धुरकट हवाच जास्त असते. ऊन वाढले की थर विरू लागतो, दुपारी समुद्रावरचा वारा आत येतो आणि साधारण साडेतीननंतर दूरचे डोंगर पुन्हा कडांसकट स्पष्ट दिसू लागतात. म्हणूनच दूरचा तपशील हवा असेल तर ठाणे-नवी मुंबईत हिवाळ्यातली सकाळ ही चुकीची वेळ आहे. हे मी ठामपणे सांगतो, कारण छायाचित्रणाच्या बहुतेक पुस्तकांत पहाटेची शिफारस असते आणि ती स्वच्छ हवेच्या प्रदेशांना धरून केलेली असते. अवकाळी पावसाची सर येऊन गेली असेल तर गोष्ट वेगळी. त्यानंतरची सकाळ कोणत्याही कामासाठी सोडू नये.

उजेडाच्या दिशेचा मुद्दा तुमच्या बाबतीत याहून मोठा आहे. पारसिकचा डोंगर घणसोलीच्या पूर्वेला आहे. डिसेंबरच्या शेवटी आपल्या अक्षांशावर सूर्य नेमक्या पूर्वेला उगवत नाही, तिथून सुमारे २५ अंश दक्षिणेकडे सरकून उगवतो, आणि साडेसातला तो नुकताच डोंगराच्या रांगेवर आलेला असतो. म्हणजे तुम्ही रोज जवळजवळ सूर्याकडे तोंड करून उभे राहता. धूलिकणांवर पडलेला प्रकाश सर्वांत जास्त पुढच्या दिशेने, म्हणजे तुमच्याच डोळ्यांकडे, विखुरतो. त्यामुळे तीच हवा सूर्यासमोर पांढरी दिसते आणि सूर्य पाठीशी घेतला की पुष्कळ विरळ वाटते. त्यातच हेलिओसमध्ये सहा काचा चार गटांत बसवलेल्या आहेत, म्हणजे हवेला लागून असलेले आठ पृष्ठभाग होतात, आणि त्यांच्यावर जुन्या पद्धतीचा एकपदरी लेप आहे. प्रत्येक पृष्ठभागावरून थोडा प्रकाश उलटा फिरतो आणि तो भरकटलेला प्रकाश शेवटी सेन्सरवर सर्वत्र पसरतो. काळ्याचे राखाडी होते ते यामुळे. आधुनिक लेन्सचे बहुपदरी लेप हे उलटे फिरणे फार कमी करतात. त्यामुळे एखाद्या मित्राच्या नव्या लेन्सने त्याच गच्चीवरून जरा बरा फोटो दिला असेल, पण हवेचा पडदा तिलाही काढता आला नसेल.

त्याच गच्चीवर संध्याकाळी साडेचार-पाचला जाऊन पाहा. सूर्य तुमच्या पाठीशी खाडीच्या बाजूला असेल, हवा निवळलेली असेल आणि डोंगराच्या घड्यांवर, वाळून पिवळ्या पडलेल्या गवतावर समोरून ऊन पडलेले असेल. लेन्स तीच, जागा तीच, तरीही फोटोत इतका फरक पडेल की लेन्सवरचा निम्मा राग तिथेच उतरेल. ठाण्याच्या बाजूने, कळवा पुलाच्या आसपासच्या खाडीकाठावरूनही पारसिक संध्याकाळी असाच समोरून उजळलेला मिळतो.

आता अडॅप्टर. या मुद्द्यावर मी जरा रेंगाळणार आहे, कारण जुन्या लेन्सने निसर्गदृश्ये टिपणाऱ्यांची सर्वांत जास्त फसगत येथेच होते.

हेलिओसच्या एम४२ माउंटला, म्हणजे बॉडीला जोडण्याच्या पद्धतीला, लेन्सची बैठक आणि फिल्म यांच्यात ४५.४६ मिमी अंतर लागते. निकॉन एफ माउंटला ते ४६.५ मिमी लागते. सोनीच्या ई माउंटमध्ये बैठकीपासून सेन्सरपर्यंत १८ मिमी अंतर आहे. राहिलेले अंतर अडॅप्टरने भरून काढायचे असते, म्हणजे हेलिओससाठी २७.४६ मिमी आणि निक्कॉरसाठी २८.५ मिमी. अडॅप्टर किंचित लांब झाला तर लेन्स इन्फिनिटीपर्यंत पोहोचतच नाही आणि गिऱ्हाईक तो परत करते. म्हणून बनवणारे बहुधा तो मुद्दाम थोडा आखूड ठेवतात. परिणामी लेन्स इन्फिनिटीच्या पलीकडे जाते, आणि रिंग शेवटपर्यंत फिरवली की दूरचा डोंगर फोकसमध्ये राहत नाही. फिल्मच्या काळात स्वतःच्याच बॉडीवर लावलेल्या लेन्ससाठी शेवटपर्यंत फिरवा हा सल्ला योग्य होता. अडॅप्टरवर तो सरळ सरळ चुकतो.

हे किती महागात पडते ते आकड्यांत पाहा. अडॅप्टर फक्त ०.१ मिमी आखूड आहे असे धरू. २८ मिमी लेन्सवर खरी इन्फिनिटी मग ∞ या खुणेवर राहत नाही, ती अंतराच्या पट्टीवर सुमारे ८ मीटरच्या जवळ येते. ५८ मिमीवर तीच ३३-३४ मीटरच्या आसपास येते. म्हणजे वाइड लेन्स जास्त फसवते. रिंग शेवटपर्यंत फिरवून तुम्ही २८ मिमीने एफ/२.८ वर फोटो काढला तर दूरचा एक बिंदू सेन्सरवर ०.०३६ मिमीच्या ठिपक्याएवढा पसरतो. २४ मेगापिक्सेलच्या एपीएस-सी सेन्सरवर एक पिक्सेल साधारण ०.००३९ मिमीचा असतो, म्हणजे हा ठिपका नऊ पिक्सेल रुंद झाला. ॲपर्चर एफ/८ केले, म्हणजे लेन्समधले प्रकाशाचे छिद्र लहान केले, तरी तो तीन पिक्सेलांचा उरतोच. ॲपर्चर बंद केल्यावर फोटो सुधारला, पण धार काही आली नाही, असा जो अनुभव अनेक जण सांगतात त्याचे कारण बहुतेक वेळा हेच असते.

यावरचा उपाय एका रात्रीत होतो. माझ्याकडच्या प्रत्येक लेन्ससाठी मी तो केला आहे. रात्री दहानंतर कॅमेरा ट्रायपॉडवर ठेवून मी बाल्कनीतून खाडीपलीकडच्या एका मोबाइल टॉवरचा लाल दिवा धरतो. ॲपर्चर पूर्ण उघडे ठेवतो आणि पडद्यावर दिवा दहापट मोठा करून पाहतो. रिंग ∞ वर टेकवली की दिवा लाल बटणासारखा गोल आणि मऊ दिसतो. तिथून रिंग अगदी सावकाश मागे आणताना ते बटण आकसत जाते, एका क्षणी टाचणीच्या टोकाएवढे होते आणि पुढे पुन्हा फुगू लागते. मी तीनदा मागेपुढे करून ते सर्वांत लहान टोक पक्के करतो. मग रिंगवर आणि स्थिर भागावर कागदी चिकटपट्टीचा एकेक बारीक तुकडा समोरासमोर लावून ब्लेडने रेघ ओढतो. माझ्या २८ मिमी लेन्सची ही रेघ १० मीटरच्या आकड्याजवळ आली होती, आणि त्याआधीची दोन वर्षे मी तिला पुसट समजून बाजूला ठेवले होते. खूण त्या लेन्सची नसते, त्या लेन्स-अडॅप्टरच्या जोडीची असते. अडॅप्टर बदलला की ती पुन्हा करावी लागते.

दिवसा फोकस करताना पीकिंगच्या, म्हणजे फोकसमधला भाग दाखवायला कॅमेरा पडद्यावर रंगवतो त्या, कडांवर भिस्त ठेवू नका. वाइड लेन्सवर त्या पुढच्या झाडापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळीकडे चमकतात आणि समाधान मात्र खोटे देतात. दृश्य मोठे करून पाहण्याला पर्याय नाही. सकाळी नऊनंतर तापलेल्या डांबरावरून किंवा खाडीवरून दूरचे काही टिपताना मोठे केलेले चित्र पाण्यासारखे हलताना दिसले, तर ती हवेची लहर असते. तिच्यावर कोणत्याही लेन्सचा इलाज चालत नाही, जवळचा विषय निवडावा.

लेन्सवर कोरलेल्या खोलीच्या (कुठपासून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते सांगणाऱ्या) रेघांबद्दलही एक सावधगिरी. त्या रेघा फिल्मच्या आणि मध्यम आकाराच्या प्रिंटच्या हिशेबाने आखलेल्या आहेत. आज आपण फोटो पडद्यावर शंभर टक्के मोठा करून पाहतो, त्यामुळे त्या हिशेबात दूरचा डोंगर कच्चाच राहतो. मी ॲपर्चर एफ/११ ठेवले तर एफ/५.६ च्या रेघा मानतो, आणि शंका असेल तर दूरच्या बाजूला झुकते माप देतो. समोरचे गवत जरासे मऊ झालेले डोळा सहन करतो, डोंगर मऊ झालेला करत नाही. एपीएस-सी सेन्सरवर एफ/११ च्या पुढे जाऊ नये, विवर्तनाने (लहान छिद्रातून प्रकाश पसरल्याने) सगळेच चित्र मऊ पडते. एफ/५.६ ते एफ/८ हे या दोन्ही लेन्सचे उत्तम घर आहे.

हे सगळे केल्यानंतरच बुरशीची तपासणी करा, म्हणजे मन पूर्वग्रहाने भरलेले नसेल. लेन्स बॉडीवरून काढा, ॲपर्चर पूर्ण उघडा, अंधाऱ्या खोलीत मागच्या बाजूने मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि समोरून पाहा. थोडी धूळ दिसेलच, तिची काळजी नको. कोळ्याच्या जाळ्यासारखे फाटे फुटलेले धागे दिसले तर बुरशी आहे. काचेवर वाफ धरल्यासारखा एकसारखा थर दिसला तर आतल्या वंगणाची वाफ बसली आहे. दोन्ही प्रकार सूर्यासमोर फोटो फिका करतात. कोपऱ्यातला एखादा धागा चित्रात दिसत नाही, पण मधोमध जाळे पसरले असेल तर जाणत्या कारागिराकडून लेन्स उघडून घ्यावी, आणि बुरशीने लेप खाल्ला असेल तर साफ करूनही डाग राहतील हे मनाशी धरून जावे. माझी एक १३५ मिमी लेन्स मी एका पावसाळ्यात तिच्या मूळ चामड्याच्या डब्यात, कपाटात ठेवली. दिवाळीत काढली तेव्हा पुढच्या काचेमागे रुपयाएवढे जाळे होते. चामडे ओलावा धरते, हे मला तेव्हा ठाऊक नव्हते. मामांच्या लेन्ससोबत चामड्याचे डबे आले असतील तर ते आठवण म्हणून वेगळे ठेवा आणि लेन्स हवाबंद प्लॅस्टिकच्या डब्यात, सिलिका जेल आणि छोट्या आर्द्रतामापकासह ठेवा. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहावा. ६० च्या वर दीर्घकाळ राहिला की बुरशीला आमंत्रण मिळते. हिवाळ्यातली कोरडी दुपार लेन्सना हवा देण्यासाठी आपल्याकडची सर्वांत चांगली वेळ आहे. मात्र कोणतीही लेन्स उन्हात उघडी ठेवून तिथून हलू नका, ती भिंगच आहे आणि मागचे कापड किंवा कागद पेटू शकतो.

येथवर जे तपासायचे ते या क्रमाने आले: संध्याकाळी तेच दृश्य, रात्री दिव्यावरची खूण, मग टॉर्च. या तिन्हीतून पार पडलेल्या लेन्सने घणसोलीत काय टिपावे, याकडे आता वळतो.

धुरकट हवेत दूरचे दृश्य हट्टाने टिपण्याऐवजी जवळचा आणि मधला पल्ला निवडला की या लेन्स खुलतात. हेलिओस अर्ध्या मीटरपर्यंत जवळ जाते. डिसेंबरच्या पहाटे येऊरच्या पायथ्याशी, उपवनच्या वरच्या अंगाला, वाळक्या गवतावर दव असते. सूर्य गवताच्या मागच्या बाजूला पण चौकटीच्या बाहेर ठेवून, डाव्या हाताने लेन्सवर सावली धरून एफ/२.८ वर एक पाते टिपले की मागची दवबिंदूंची वर्तुळे गोल फिरल्यासारखी येतात. एपीएस-सीवर कडा कापल्या गेल्यामुळे फिरकी कमी, पण असते. हाताची सावली हा या लेन्सचा सर्वांत स्वस्त आणि उत्तम हूड आहे. व्ह्यूफाइंडरमध्ये पाहत हात वरून हळूहळू खाली आणा. ज्या क्षणी चित्रातला काळा रंग एकदम गडद होतो तिथे थांबा, बोटे चौकटीत येऊ देऊ नका. ४९ मिमीचा रबरी हूडही हेलिओसला बसतो, पण तिरक्या उन्हात मी तरीही हातच धरतो.

खरेच धुके असेल, ऐरोलीच्या खाडीकाठी कधीकधी कांदळवनावर ते तरंगते, तर मात्र कमी कॉन्ट्रास्टची लेन्स गुणाची ठरते. तिथे थरांमागे थर हवे असतात, आणि जुनी लेन्स गडद भाग एकदम काळे पडू देत नाही. सकाळी ऐरोलीहून खाडी पश्चिमेला असते, म्हणजे सूर्य पाठीशी. रॉमध्ये (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) टिपा, काळा बिंदू नंतर किंचित खाली ओढा, एवढे पुरते. तिथले रोहित पक्षी हिवाळ्यात दिसू लागतात, परंतु ५८ मिमीने त्यांचे मोठे चित्र मिळणार नाही. त्यांना पाण्यावरची गुलाबी रेघ समजून दृश्यात बसवा. धुरक्यावर पोलरायझर फिल्टर सूर्याला काटकोनात असलेल्या दिशेलाच सर्वांत जास्त उपयोगी पडतो, आणि डिजिटलवर यूव्ही फिल्टरने धुरके कमी होत नाही. जुन्या लेन्ससमोर आणखी एक काच लावून भरकटणारा प्रकाश मात्र वाढतो. मी तो फिल्टर काढून ठेवतो.

नारकंड्याचे गणित वेगळे आहे. हवा स्वच्छ असेल, त्यामुळे इन्फिनिटीची खूण तिथे खरी कामाला येईल. बर्फ कॅमेऱ्याच्या मीटरला फसवतो, कारण मीटर प्रत्येक दृश्याला मध्यम राखाडी समजतो. उन्हातल्या बर्फासाठी एक ते दीड स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट) जास्त प्रकाश द्या आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, उजव्या कडेला आदळत नाही हे पाहा. ॲपर्चर लेन्सवर फिरवायचे असले तरी ॲपर्चर प्रायॉरिटी मोड चालतो, फक्त मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू ठेवण्याची परवानगी दिलेली असावी. हेलिओस ४४-२ ला ॲपर्चरच्या दोन रिंगा आहेत: एकीने किती बंद करायचे ते ठरवा, दुसरीने उघडून फोकस करा आणि न पाहता ठरलेल्या जागी बंद करा. हातमोजे घालूनही हे जमते, आणि थंडीत मला ती सोय फार आवडते.

थंडीत जुने वंगण घट्ट होते आणि फोकसची रिंग जड होते. हेलिओस आट्यांनी बसते, त्यामुळे रिंग जोर लावून फिरवली की लेन्सच अडॅप्टरमधून सुटू लागते. निघण्यापूर्वी ती पक्की घट्ट बसली आहे ना ते पाहा आणि रिंग दोन बोटांनी, थांबत फिरवा. लेन्सला बॅटरी लागत नसली तरी बॉडीला लागते आणि थंडीत ती लवकर उतरते. दुसरी बॅटरी कोटाच्या आतल्या खिशात ठेवा. संध्याकाळी हीटर लावलेल्या खोलीत शिरण्यापूर्वी कॅमेरा बाहेरच जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा आणि खोलीत दोन तास पिशवी उघडू नका. पाण्याचे थेंब मग पिशवीच्या बाहेर जमतील, काचांच्या आत जमणार नाहीत. घरी परतल्यावर दोन्ही लेन्स एक-दोन दिवस सिलिका जेलच्या डब्यात राहू द्या.

एकच लेन्स नेण्याएवढी जागा असेल तर मी २८ मिमी नेईन. लहान सेन्सरमुळे तुमच्या बॉडीवर ती ४२ मिमीच्या लेन्सएवढे दृश्य पाहते, देवदारांच्या रांगेपासून मागच्या शिखरापर्यंत सगळे एफ/८ वर धरते, आणि कडांना चांगली आहे. परंतु तिची चिकटपट्टीची खूण निघण्याच्या आदल्या रात्री पुन्हा एकदा त्या दिव्यावर तपासून घ्या, कारण बॅगेत घासून पट्टी सरकते.